रजईच्या अस्तरातला इतिहास

वाचकहो, इतिहासाची साधने कोणती, असे आमच्या कॉलेजातल्या मुलांना विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी, पेशवे दप्तर. हुशार मुलगा असला तर परदेशी प्रवाशांची वर्णने जोडतो. पण 'रजई' असे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही, आणि दिले असते तर वर्गात हशाच पिकला असता. अंगावर घ्यायची वस्तू ती, तिच्यात इतिहास कसला? आज मी आपल्याला अशा एका माणसाची हकीकत सांगणार आहे, की ज्याने आयुष्याची तीसएक वर्षे रजया, शाली आणि पलंगपोस यांची उलटी बाजू पाहण्यात घालवली, आणि त्यातून हिंदुस्थानच्या व्यापाराचा एक अख्खा अध्याय नव्याने लिहायला लावला. त्याचे नाव जॉन आयर्विन. जन्म 1917, मृत्यू 1997.

आयर्विन हा काही संस्कृतचा पंडित नव्हता. महायुद्धाच्या काळात, 1942 ते 1945 या वर्षांत, तो कलकत्त्यास बंगालच्या गव्हर्नरांचा खाजगी चिटणीस होता. ही वर्षे कोणती ते लक्षात घ्या. 1943 चा दुष्काळ त्यातच आला. सरकारी कचेरीत बसून लोकांची उपासमार पाहणाऱ्या या तरुण अधिकाऱ्याने त्याच काळात कलकत्त्याच्या कलावंतांशी ओळख जोडली. कवी विष्णू दे यांच्यासह त्याने चित्रकार जामिनी राय यांच्यावर एक पुस्तक लिहिले. ते 1944 साली प्रसिद्ध झाले. सत्ताधाऱ्यांच्या पंगतीतला माणूस, पण डोळा पटचित्रांवर आणि खेळण्यांवर गेलेला. असल्या माणसाला पुढे कोठे काम मिळावे? 1946 साली तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये रुजू झाला. 1959 ते 1978 पर्यंत तो तेथील हिंदी विभागाचा 'कीपर' होता. आपल्याकडे आपण क्युरेटर म्हणतो, तिकडे त्या अधिकाऱ्याला कीपर म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे: सांभाळणारा.

आता हा सांभाळ कशाचा? ईस्ट इंडिया कंपनीने 1801 साली लंडनमध्ये एक पदार्थसंग्रहालय काढले होते. कंपनी गेली, संग्रह सरकारकडे आला आणि पुढे 1879-80 च्या सुमारास त्यातील बराच भाग साउथ केन्सिंग्टनला आला. त्यात कापडाचा साठा प्रचंड. तो कशासाठी जमवला होता, हेही ऐकण्यासारखे आहे. फॉर्ब्स वॉटसन नावाच्या गृहस्थाने 1866 साली हिंदी कापडाचे 700 नमुने कापून अठरा बाडांत चिकटवले आणि अशा वीस प्रती तयार केल्या. तेरा विलायतेत वाटल्या, सात हिंदुस्थानात पाठवल्या. हेतू उघड होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याने ही बाडे उलटावीत, हिंदी बाईला कोणता काठ आवडतो ते पाहावे, आणि तसा काठ यंत्रावर काढून तिलाच विकावा. म्हणजे ज्या नमुन्यांनी विणकराच्या पोटावर पाय आणण्यास मदत केली, तेच नमुने आज त्याच्या कौशल्याचा पुरावा म्हणून जपले जातात! असल्या वारशाच्या कपाटाच्या किल्ल्या आयर्विनच्या हाती आल्या होत्या.

पण मला मुख्यतः रजयांबद्दल सांगायचे आहे.

युरोपातल्या संग्रहालयांत आणि जुन्या घराण्यांत एका विशिष्ट जातीच्या रजया आढळतात. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर रेशमाचे भरतकाम. टाका साखळीचा नाहीतर बखियाचा, आणि तो इतका दाट की मूळ कापड कित्येक ठिकाणी दिसतच नाही. चित्रे पाहावीत तर बुचकळ्यात पडावे. मधोमध राजा सॉलोमनचा न्यायनिवाडा. कडेला हर्क्युलीसचे पराक्रम. आपल्या रक्तावर पिले पोसणारा पेलिकन पक्षी, दोन तोंडांचा गरुड, समुद्रातल्या मत्स्यकन्या. आणि यांच्यामधून डोक्यावर टोप्या घातलेले फिरंगी हरणांची शिकार करीत आहेत, गलबते चालली आहेत, हत्ती डुलत आहेत. पोर्तुगीज लोक अशा रजईला 'कोल्शा' म्हणतात. ती केली कोणी आणि कोठे? चित्रे ख्रिस्ती, गिऱ्हाईक पोर्तुगीज, माल गोव्याच्या वाटेने गेलेला. तेव्हा हे काम गोव्याचे असे कोणालाही वाटणे साहजिक होते.

आयर्विनने 1952 साली एक निबंध लिहून हे काम बंगालचे असल्याचे मांडले. त्याची पद्धत मला फार आवडते, म्हणून थोडी तपशिलात सांगतो. पहिला साक्षीदार धागा. हे पिवळे रेशीम तुतीच्या किड्याचे नव्हे, टसरचे आहे. आपल्या विदर्भातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. भंडारा-चंद्रपूरकडे यालाच कोसा म्हणतात. झाडांवर वाढणाऱ्या किड्याच्या कोशातून निघणारा, मुळातच मधाच्या रंगाचा धागा. तो पूर्वेकडच्या जंगलपट्टीत मुबलक, आणि गोव्यात मुद्दाम आणावा लागेल. दुसरा साक्षीदार कंपनीचा पत्रव्यवहार. सतराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत इंग्रज वखारवाले आपल्या पत्रांतून 'सातगाव'च्या रजयांचा उल्लेख करतात. हे सातगाव म्हणजे सप्तग्राम, सरस्वती नदीवरचे बंगालचे जुने बंदर. नदी गाळाने भरत चालली तसा व्यापार जवळच्या हुगळीस सरकला, आणि 1580 च्या सुमारास पोर्तुगीज तेथे ठाण मांडून बसले. धागा आणि कागद यांची गाठ पडली, आणि रजईला तिचे गाव सापडले.

बंगालमधल्या विटांच्या देवळांच्या भिंती ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना आणखी एक गोष्ट पटेल. तेथील भाजलेल्या मातीच्या फलकांत रामायणाच्या शेजारी टोपीवाले फिरंगी आणि त्यांची गलबते खुशाल बसलेली असतात. जे डोळ्यांपुढे आहे ते चित्रात घ्यायचे, ही तेथल्या कारागिराची जुनी सवय आहे. मग गिऱ्हाइकाने छापील चित्र आणून दिले आणि 'हा सॉलोमन काढ' म्हटले, तर त्याने का काढू नये? त्याच्या सॉलोमनचे डोळे मात्र बंगाली उतरतात, त्याला इलाज नाही.

या रजया किती मोलाच्या समजल्या जात याचा एक दाखला देतो. इंग्लंडात हार्डविक हॉल नावाचा एक सरदारी वाडा आहे. तेथल्या मालकिणीने, श्रूजबरीच्या काउंटेसने, 1601 साली घरातल्या सामानाची यादी करविली. त्या यादीत पशुपक्ष्यांचे भरतकाम केलेली हिंदुस्थानी पिवळ्या कापडाची एक रजई नोंदलेली आहे. आता सनावळी जुळवून पाहा. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली 31 डिसेंबर 1600 रोजी. कंपनीचे पहिले जहाज हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वीच हिंदुस्थानची रजई इंग्लंडच्या शयनगृहात जाऊन पोचली होती! बहुधा लिस्बनमार्गे गेली असावी. आम्ही पाठ्यपुस्तकांत व्यापाराच्या आधी कंपनी शिकवतो, हे थोडे उलटेच आहे म्हणायचे.

1632 साली शाहजहानच्या फौजेने हुगळी घेतली, पोर्तुगिजांची वाताहत झाली, आणि त्यांच्यासाठी होणाऱ्या या रजयांचे दिवसही सरले.

पश्चिम किनाऱ्याची हकीकत निराळी. लिन्सखोटन नावाचा डच तरुण 1583 ते 1588 या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी होता. त्याचे प्रवासवर्णन 1596 साली छापले गेले आणि दोन वर्षांत इंग्रजीत आले. खंबायतच्या मालाचे वर्णन करताना तो रेशमाने शिवलेल्या सुंदर पांघरुणांची तारीफ करतो आणि त्यांना तेथे काय म्हणतात तेही सांगतो. दोन नावे देतो. एक 'कोल्शा', आणि दुसरे 'गोदोरीन'. वाचकहो, हे गोदोरीन म्हणजे आपली गुदडी, गोधडी! घरोघर आजीच्या हातची जी असते तीच. ज्या शब्दाचा आपल्याकडे अर्थ गरिबाचे अंथरूण असा, तो शब्द डच भाषेतल्या ग्रंथात राजेरजवाड्यांच्या मालाच्या यादीत जाऊन बसला.

आता आयर्विनच्या सर्वांत गाजलेल्या प्रतिपादनाकडे वळू. त्याने आपल्या अभिमानाला थोडा धक्काही दिला आहे, तेव्हा ते नीट समजून घेतले पाहिजे.

छीट आपल्याला ठाऊक आहे. हाताने रंगवलेले किंवा ठशांनी छापलेले पक्क्या रंगाचे सुती कापड. इंग्रजांचा 'चिंट्झ' हा शब्द त्याच छिटेवरून आलेला, आणि ज्याला ते 'पॅलमपोर' म्हणतात तो तर आपला पलंगपोसच. अशा पलंगपोसावर बहुधा एक मोठे झाड असते. खाली खडकाळ टेकडी, तिच्यातून वर चढणारे वळणावळणाचे खोड, आणि एकाच झाडाला दहा जातींची प्रचंड फुले. या झाडाला कोणी कल्पवृक्ष म्हणतो, कोणी जीवनवृक्ष. प्राचीन भारतीय कल्पना अखंड चालत आली, असे सर्वांना वाटे.

आयर्विनने कंपनीची दप्तरे चाळली. 1643 साली लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या वखारीस एक पत्र लिहिले आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीच्या एकवीस वर्षे आधी. त्या पत्राचा मतलब असा: तुम्ही पाठवता त्या रंगीत रजयांची जमीन बहुधा गडद तांबडी असते, ती इकडे खपत नाही, यापुढे पांढरी जमीन जास्त ठेवा, आणि फुले-फांद्या मधोमध रंगीत, चिताऱ्याच्या मर्जीप्रमाणे, काढू द्या. पाहा, एका वाक्यात सगळी क्रांती आहे. लाल भुईची आपली आवड बाजूला झाली आणि साहेबाच्या बायकोला आवडणारी पांढरी भुई आली. पुढे 1660 नंतर तर लंडनहून नमुनेच येऊ लागले. ते नमुने येथल्या चिताऱ्यांनी आपल्या पद्धतीने उतरवले. माल विलायतेस गेला. तेथल्या बायकांनी हे काय अद्भुत हिंदी झाड म्हणून लोकरीच्या भरतकामात त्याची नक्कल केली. त्यात चिनी वळणाचीही भर पडली होती. आयर्विनने 1955 साली दाखवून दिले ते हेच: युरोपने ज्याला 'पौर्वात्य' म्हणून डोक्यावर घेतले, त्यात युरोपची स्वतःचीच पूर्वेविषयीची कल्पना परत आलेली होती.

'चिताऱ्याच्या मर्जीप्रमाणे' हे शब्द मात्र मला महत्त्वाचे वाटतात. गिऱ्हाइकाने भुईचा रंग सांगितला, पण झाड कसे वळवायचे ते मच्छलीपट्टणच्या कलमकाराने ठरवले. आणि रंग पक्का करण्याची विद्या तर सर्वस्वी त्याची होती. ती तरी सोपी का होती? कापड हिरड्याच्या अर्कात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचे, म्हणजे रेघ फुटत नाही. मग बांबूच्या कलमाने लोखंडाच्या काळ्या पाण्याची आणि तुरटीची रेघ ओढायची. चायमुळाच्या उकळीत कापड टाकले की जेथे तुरटी आहे तेथेच तांबडा रंग धरतो, बाकीचा धुऊन आणि उन्हात टाकून जातो. निळ्यासाठी सगळे कापड मेणाने झाकायचे, निळा हवा तेवढाच भाग उघडा ठेवायचा आणि नीळीच्या पिंपात बुडवायचे. हिरव्यासाठी निळ्यावर पिवळा हात. एका पलंगपोसास आठवडेच्या आठवडे लागत. युरोपातल्या रंगाऱ्यांना तुरटीची ही किमया कापसावर साधत नव्हती, म्हणून फ्रेंच कंपनीचा ब्यूल्ये नावाचा अधिकारी 1734 च्या सुमारास पाँडिचेरीस बसून प्रत्येक पायरीचे कापडाचे तुकडे कापून टिपणाबरोबर ठेवीत होता. ते हस्तलिखित पॅरिसमध्ये टिकले. आयर्विनचा सहकारी श्वार्त्झ याने त्याचा अभ्यास केला आणि दोघांचे पुस्तक 1966 साली अहमदाबादेस निघाले.

या कापडाने युरोपात जी धांदल उडवली ती शाळेतही शिकवली पाहिजे. फ्रान्सने 1686 साली छिटेवर बंदी घातली ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडने 1700 आणि 1720 च्या कायद्यांनी तिचा वापर गुन्हा ठरवला. विख्यात नट डेव्हिड गॅरिक याला कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांकडून मच्छलीपट्टणच्या छिटेचे पलंगाचे पडदे भेट आले, ते 1775 मध्ये जकातवाल्यांनी जप्त केले. गॅरिकला सरकारदरबारी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. तो पलंग आता आयर्विनच्याच म्युझियममध्ये आहे. पण कायदा घरच्या पेटीत शिरू शकत नाही. जुन्या छिटेचे तुकडे बायकांनी जपून ठेवले आणि जोडून जोडून गोधड्या केल्या. लेव्हन्स हॉलमधली अशी एक गोधडी 1708 च्या सुमाराची मानतात. इंग्लंडातल्या तुकडेजोडीच्या सर्वांत जुन्या गोधड्यांत तिची गणना होते, आणि तिचे तुकडे आहेत हिंदी छिटेचे.

काश्मिरी शालीचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण तो मोठा आहे. आयर्विनचे शालींवरचे पुस्तक 1955 चे. 1822-23 मध्ये काश्मीरात राहिलेल्या विल्यम मूरक्रॉफ्टची हस्तलिखिते त्याने बाहेर काढली. माग-विणीची 'कानी' शाल आणि सुईची 'अमली' शाल यांतला भेद त्यातून स्पष्ट झाला. 1803 मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून आलेला ख्वाजा युसूफ नावाचा व्यापारी सुईकामाच्या शाली करवू लागला. कारण? विणलेल्या शालीवर सरकारी कर होता, तो पुढे शेकडा 26 पर्यंत चढला. सुईच्या कामाला करच नव्हता. शालीवरचे वेलबुट्टे बदलतात ते असे, कारकुनाच्या कलमाच्या फटकाऱ्याने.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. आयर्विनची भिस्त होती कंपनीच्या कागदांवर, म्हणजे खरेदीदाराच्या दप्तरावर. विकणारा काय म्हणाला, रंगवणारा काय समजला, ते या कागदांत नसते. त्यामुळे त्याच्या लेखनात सगळी हालचाल गिऱ्हाइकापासून सुरू झाल्यासारखी भासते. ही उणीव भरून काढणारा एक विद्वान मुंबईतच होता. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे संचालक डॉ. मोतीचंद्र. बनारसचे, भारतेंदु हरिश्चंद्रांच्या घराण्यातले. संस्कृत, प्राकृत आणि जैन ग्रंथांतून त्यांनी कापडांची शेकडो नावे वेचली, भित्तिचित्रांतल्या आणि शिल्पांतल्या वस्त्रांशी ती ताडून पाहिली. एकाजवळ वखारीचे पत्र, दुसऱ्याजवळ ग्रंथ आणि अजिंठा. दोघांची गाठ पडली ती अहमदाबादेत. तेथे साराभाई कुटुंबाने 1949 साली कॅलिको म्युझियम स्थापन केले, आणि 1955 ते 1967 या काळात हिंदी वस्त्रांच्या इतिहासाला वाहिलेले एक नियतकालिक काढले. संपादन आयर्विनचे, आणि 1960 च्या अंकात आठव्या ते बाराव्या शतकातील वेष आणि वस्त्रे यांवर मोतीचंद्रांचा लेख. इंग्रज गेल्यावर अवघ्या काही वर्षांत, एक माजी इंग्रज अधिकारी आणि एक बनारसी विद्वान कापड गिरणीच्या मालकाच्या खर्चाने विणकराचा इतिहास लिहीत होते, हे मला तरी फार अर्थपूर्ण वाटते.

पुढच्या पिढीने आणखी मागची पाने उघडली. इजिप्तमध्ये, जुन्या कैरोच्या फुस्तात भागात, गुजराती ठशांच्या कापडाचे तुकडे पूर्वीच सापडले होते. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये असे बाराशेच्या वर तुकडे आहेत. रूथ बार्न्स यांनी त्यांची यादी 1997 साली प्रसिद्ध केली. किरणोत्सर्गी कार्बनच्या परीक्षेने त्यांतले काही दहाव्या-अकराव्या शतकाइतके जुने ठरले. म्हणजे वास्को द गामाच्या पाचशे वर्षे आधी आपला कापडवाला परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे ठसे कोरीत होता. तेव्हा 1643 च्या पत्राने त्याला काही नवीन शिकवले नाही. असल्या फर्माइशी त्याच्या पणजोबांच्याही पणजोबांनी पुऱ्या केल्या होत्या. आयर्विनचा सिद्धांत यामुळे खोटा पडत नाही, पण त्याचे वजन बदलते.

आणि मग ज्या रजया कोणत्याच वखारीतून गेल्या नाहीत, त्यांचे काय? बंगालमध्ये जुन्या साड्या-धोतरांचे पदर एकावर एक ठेवून बायका 'कांथा' शिवतात. भरायचा दोरासुद्धा साडीच्या काठातून उसवून काढलेला. टाका साधा धावदोरा. तिचा उल्लेख व्यापारी पत्रांत येण्याचे कारणच नव्हते, कारण ती विकण्यासाठी नव्हतीच. गुरुसदय दत्त या आय. सी. एस. अधिकाऱ्याने खेडोपाडी फिरून त्या जमवल्या. कलकत्ता विश्वविद्यालयात शिकवणाऱ्या स्टेला क्रामरिश यांनी 1939 साली कांथांवर लेख लिहिला. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये क्युरेटर झाल्या आणि त्यांच्या कांथा आज तेथे आहेत. सातगावच्या रजईवर करणाऱ्याचे नाव सापडत नाही. पण कलकत्त्याजवळ जोका येथे गुरुसदय दत्तांच्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या बाईची एक कांथा आहे. तिच्यावर गोरे शिपाई आहेत, राणी व्हिक्टोरिया आहे, आणि ही वस्तू मी माझ्या वडिलांना अर्पण करते, असे तिने स्वतःच्या नावासकट टाक्यांनी लिहून ठेवले आहे.